फोनवरचं ‘नाही’

किशोरवयीन मुलांच्या आरोग्याची पाहणी फोनवरून करावी की टपालाने, हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘फोनच बरा. माणसाशी बोलताना मुलं खोटं बोलत नाहीत. कागदावर काय, कोणीही काहीही लिहील.’ स्वतः पाहण्या करणारेही हे बोलतात तेव्हा राग येतो, कारण पुरावे नेमके उलट सांगतात.

पंधरा वर्षांच्या मुलाला घरी फोन येतो. ‘गेल्या महिन्यात सिगारेट ओढलीस का?’ पलीकडे अनोळखी मोठं माणूस, शेजारी आई. मूल ‘नाही’ म्हणून मोकळं होतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये हे तपासून पाहिलं गेलं. काही मुलांना मुलाखतकाराने फोनवर प्रश्न विचारले. काहींना तेच प्रश्न ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवून फोनची बटणं दाबून उत्तरं द्यायला सांगितलं. दोन्ही अभ्यास 2004मध्ये ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’त आले. बटणं दाबणाऱ्यांनी धूम्रपानाची कबुली जास्त दिली. फोन तोच होता, फक्त उत्तर ऐकणारं माणूस मधून गेलं होतं, आणि टपालाच्या कागदापुढेही असं माणूस नसतं.

यावर लगेच म्हणतात, ‘मग ती फुशारकी असेल.’ अहो, हेही तपासलंय! 1977च्या एका अमेरिकी प्रयोगात मुलांना आधीच सांगितलं, की लाळ तपासून सिगारेट ओढल्याचं कळतं. खोटं उघडं पडेल म्हटल्यावर कबुलीचं प्रमाण वाढलं. फुशारकीच असती तर ते घटलं असतं.

म्हणजे टपाल निर्दोष, असं मात्र नाही. पाकीट आधी पालकांच्या हाती पडतं, प्रश्न गाळले जातात, फॉर्म नेमका कोणी भरला ते कळत नाही. इथे फोन सरस. आणि कागदापुढेही मुलं संकोचतात. 1998मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात 15 ते 19 वर्षांच्या अमेरिकी मुलग्यांना पुरुषांशी आलेल्या लैंगिक संबंधांबद्दल विचारलं होतं. कागदावर 1.5 टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर उत्तर देणाऱ्यांत 5.5 टक्क्यांनी.

आपल्याकडे 2006-07च्या युवा सर्वेक्षणात महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या तरुणांच्या समोरासमोर मुलाखती झाल्या, पण लग्नाआधीच्या लैंगिक संबंधांबद्दलचं उत्तर निनावी लिहून पाकिटात बंद करण्याचीही सोय ठेवली होती. ते पाकीट ठेवणाऱ्यांना मुलांची अडचण नीट कळली होती.

बाकीचे समज थोडक्यात. ‘जास्त पाकिटं पाठवली की निष्कर्ष बरोबर’: ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाने 1936मध्ये एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं सांगितलं, ते प्रचंड मतांनी जिंकले. ‘प्रतिसाद कमी म्हणजे पाहणी बाद’: ग्रोव्ह्ज आणि पेयचेवा या संशोधकांनी 2008मध्ये 59 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रतिसादाचं प्रमाण आणि निष्कर्षातली चूक यांचा संबंध क्षीणच निघाला. ‘फोन सगळेच उचलतात’: प्यू या संशोधन संस्थेच्या फोन-पाहण्यांना अमेरिकेत 1997मध्ये 36 टक्के प्रतिसाद होता, 2018मध्ये 6 टक्के.

‘पद्धत मध्येच बदलली तरी चालतं’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. एका वर्षी टपाल आणि पुढच्या वर्षी फोन वापरला, तर एकाही मुलाने सिगारेट सोडलेली नसताना आलेखात व्यसन उतरलेलं दिसू शकतं, आणि त्या आलेखाकडे बघून व्यसनमुक्तीचा निधी कापला जाऊ शकतो.