अंगठीतून जाणारी शाल

बोटातील अंगठीतून सबंध शाल अलगद ओढून दाखवणे, हा शाहतूश विकणाऱ्यांचा पिढीजात प्रयोग. तो पाहिल्यावर गिऱ्हाईक सहसा पुढचा प्रश्न विचारीत नसे. एखाद्याने विचारलाच, तर उत्तर तयार असे. तिबेटच्या पठारावर एक रानटी प्राणी हिंडतो, ऋतू पालटला की त्याची लव झुडपांना अडकून राहते आणि मेंढपाळ ती वेचून आणतात. शाकाहारी घरातील सुनेच्या रुखवतातही ही शाल निःशंकपणे ठेवता यावी, इतके हे उत्तर सोयीचे होते.

ते खोटे होते. ज्या पठारावर हा प्राणी राहतो, तेथे लव अडकावी अशी झुडपेच जवळजवळ नाहीत. अमेरिकी वन्यजीवशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथे केलेल्या अभ्यासातून खरी हकिकत जगापुढे आली. हा प्राणी म्हणजे चिरू, तिबेटी कुरंग. तो पाळता येत नाही, त्याची लव कातरता येत नाही. ती मिळवायची तर त्याला ठार करून कातडे सोलावे लागते, आणि एका शालीसाठी तीन ते पाच चिरू लागतात. उन्हाळ्याच्या प्रारंभी गाभण माद्या शेकडो किलोमीटर चालत विण्याच्या जागी एकत्र येतात. शिकारी गाड्या घेऊन नेमके तेथेच जात, दिव्यांच्या झोतात त्यांना दिपवत आणि गोळ्या घालत. केकेशिलीच्या प्रदेशात या टोळ्यांना अडवणारे तिबेटी अधिकारी सोनम दार्ग्ये जानेवारी 1994 मध्ये त्यांच्याच गोळ्यांना बळी पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे दहा लाख असावेत असे मानले जाणारे चिरू 1990 च्या दशकाच्या मध्यास पाऊण लाखाच्याही खाली आले होते.

व्यापारी माणूस मालाची पावती पाहतो, वजन पाहतो, भेसळ पारखतो. येथे मात्र माल निघतो कोठून, हे शतकभर कोणी खोदून विचारले नाही. वास्तविक श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे, आणि हेमचंद्राचार्यांच्या 'योगशास्त्रा'त त्याची व्याप्ती हस्तिदंतापुरती नाही. व्यापारासाठी त्रस जीवांचे केस, नखे, हाडे, कातडे घेणेही त्यात येते. बाराव्या शतकातील आचार्यांना हा प्रश्न दिसला होता.

आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1979 पासूनच बंदी होती. आपल्या देशातही चिरूला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण होते. पण विणकाम चाले काश्मिरात, आणि त्या राज्याचा कायदा वेगळा. तेथे पूर्ण बंदी यायला 2002 साल उजाडले. त्यापायी श्रीनगरच्या अनेक विणकर व रफूगर कुटुंबांचा चरितार्थ हिरावला गेला, हेही मान्य केले पाहिजे. शिकारीत त्यांचा हात नव्हता, आणि नफ्यातील मोठा वाटाही त्यांच्या पदरी पडला नव्हता.

पहारा कडक झाला, बाजार आटला, तसे कळप सावरले. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने चिरूला 'संकटग्रस्त' वर्गातून काढून 'संकटाच्या उंबरठ्यावरील' वर्गात ठेवले. मागणी थांबली की प्राणी वाचतो, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

चोरटा माल मात्र अजून पकडला जातो, बहुधा पश्मिन्याच्या नावाने. पश्मिना लडाखच्या पाळीव बकरीची. तिची लव विंचरून काढतात, त्यासाठी तिला मारावे लागत नाही. अंगठीच्या प्रयोगाने या दोहोंतील भेद कळत नाही, कारण उत्तम पश्मिनाही अंगठीतून जाते. पेटीत आजीच्या काळची शाहतूश निघाली, तरी ती विकणे हा गुन्हाच आहे. आणि कसबी हातांनी लव कितीही निवडली, तरी त्या प्राण्याचे काही राठ केस विणीत राहूनच जातात. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरूनच शाल ओळखतात.