कुंडलिकेची राफ्ट संगणकाच्या पडद्यावर

व्हिडिओ गेम खेळणे आणि तो घडवणे या सर्वस्वी भिन्न क्रिया असून, दुसरीत किशोरवयीन मुलांच्या गणिताचा, कल्पकतेचा आणि चिकाटीचा एकाच वेळी कस लागतो. स्वतः वस्तू घडवताना तत्त्व अंगवळणी पडते, या विचारातून सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. त्याच परंपरेतील, एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये खुल्या केलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून गेम रचता येतो. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा जो आग्रह धरला, त्याच्याशी या विचाराचे जवळचे नाते आहे.

रायगड जिल्ह्यातील कोलाडच्या आठवी-नववीतील मुलांनी कुंडलिका नदीवरील राफ्टिंगचा गेम रचायचा ठरवला, तर काय घडेल? स्क्रॅचचा पडदा आलेखाच्या कागदासारखा असतो. मध्यबिंदू शून्य धरून आडव्या अक्षावर उणे २४० ते अधिक २४० आणि उभ्या अक्षावर उणे १८० ते अधिक १८० अशी स्थाने मोजली जात असल्याने, पुस्तकातले निर्देशक येथे राफ्टची जागा ठरवतात. गुणांसारखी बदलती संख्या साठवणाऱ्या कप्प्याला ‘चल’ म्हणतात, तर ‘खडकाला स्पर्श झाला तर एक गुण कमी कर’ ही झाली ‘अट’. मात्र ही अट संगणक सेकंदाला सुमारे तीस वेळा तपासत असल्याने, राफ्ट खडकाला टेकताच गुण भराभर घटून खेळ क्षणात आटोपतो. हे का होते ते हुडकून, टक्कर होताच राफ्ट मागे सरकवणारी आज्ञा जोडताना जी शिस्त लागते, ती पाठांतराने येत नाही.

शिवाय कुंडलिकेचा राफ्टिंगजोगा प्रवाह भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असल्यामुळे, पाणी केव्हा वाढते आणि धार कुठे उसळते, हे राफ्टवरच्या गाइडना विचारल्यावाचून गेम खरा वाटणार नाही. चकचकीत चित्रांपेक्षा ही चौकशी मोलाची आहे. कोडिंगच्या महागड्या शिकवण्या त्यासाठी अनावश्यक आहेत. स्क्रॅच विनामूल्य असून एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवायही चालते, तेव्हा शाळांनी संगणक कक्षाचे कुलूप निदान शनिवारी दुपारी तरी उघडे ठेवावे.