एक केबल, दोन पेट्या

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी गच्चीवरच्या अँटेनाकडे वरळीहून काही लहरी सरळ येत, तर काही डोंगरावर आपटून, वळसा घेऊन येत. ट्रॉम्बेसारख्या डोंगरालगतच्या वस्तीत हा वळसा दीड किलोमीटरचा धरू या. लहरींना तेवढे अंतर कापायला ५ मायक्रोसेकंद लागतात. पडद्यावरची एक रेघ डावीकडून उजवीकडे ५२ मायक्रोसेकंदांत उमटत असे. म्हणजे ४० सेंटिमीटर रुंद पडद्यावर मूळ चित्राच्या उजवीकडे सुमारे ४ सेंटिमीटरवर त्याचेच फिकट भूत दिसे!

तुम्ही म्हणाल, आता केबल आली. डोंगराचे काय काम? पण विद्यार्थी मित्रांनो, तारेतही डोंगर उभे राहतात, आणि ते बहुधा आपणच उभे करतो.

समजा, आजीच्या खोलीत दुसरा टीव्ही लावायचा आहे. मुंबईत केबलच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. तेव्हापासून प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स लागतो. ही दुसरी पेटी केबलवाल्याकडूनच घ्यावी व चालू करून घ्यावी; कारण वाहिन्या सांकेतिक रूपात येतात आणि त्या उलगडण्याची परवानगी पेटीगणिक मिळते.

आता केबलला फाटा कसा काढायचा? तार सोलून पीळ द्यावा, असा मोह होईल. थोडे गणित करू या. टीव्हीच्या केबलचा संरोध ७५ ओहम असतो. दोन फाटे समांतर जोडले की जोडापाशी ३७.५ ओहम होतात. परावर्तित व्होल्टता (७५ − ३७.५) ÷ (७५ + ३७.५), म्हणजे एक-तृतीयांश, आणि ऊर्जा तिच्या वर्गाइतकी, म्हणजे एक-नवमांश. हाच तो डोंगर! परतलेल्या लहरी काही वारंवारतांवर मूळ लहरींना मारक ठरतात. म्हणून काही वाहिन्या दिसतात, काही रुसतात.

यावर उपाय म्हणजे स्प्लिटर. त्यातील फेराइटच्या छोट्या कड्यांवरील वेटोळी संरोध जुळवतात आणि एका फाट्याची गडबड दुसऱ्याकडे जाऊ देत नाहीत. मात्र तो ऊर्जा निर्माण करीत नाही. दोन वाटे झाले की प्रत्येकाला निम्म्याहून थोडी कमी ऊर्जा मिळते. म्हणजे घट सुमारे ४ डेसिबेल. १० मीटर केबलमध्ये वरच्या वारंवारतांवर आणखी सुमारे २. एकूण ६ डेसिबेल, म्हणजे आजीच्या पेटीला एक-चतुर्थांशच ऊर्जा पोचली!

जुन्या टीव्हीत संकेत क्षीण झाला की चित्रावर मुंग्या दिसत. डिजिटल पेटी मात्र काठापर्यंत स्वच्छ चित्र देते आणि काठ ओलांडताच चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. म्हणून कोरड्या दिवशी उत्तम चालणारी जोडणी पावसाचे पाणी कनेक्टरात शिरताच कोसळते. ऐन मालिकेत!

करून पाहा: अनेक पेट्यांच्या मेनूत संकेताची तीव्रता व गुणवत्ता दिसते. चार-पाच वाहिन्यांचे आकडे वहीत लिहा. मग दोन्ही टीव्ही व पेट्यांचे प्लग काढा. घरात आलेली केबल स्प्लिटरच्या ‘इन’ला, आणि दोन्ही ‘आउट’पासून एकेक पेटीला जोडा. कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीची एकही तार मधल्या तांब्याला टेकू देऊ नका. मोकळे तोंड राहिलेच, तर त्यावर ७५ ओहमची टोपी बसवा. पुन्हा आकडे घ्या. कोणत्या वाहिन्या अधिक घसरल्या?

जिन्यातल्या वा गच्चीवरच्या अॅम्प्लिफायरला मात्र हात लावू नका. तेथे वीज असते. आकडे फारच घसरले, तर वही केबलवाल्याला दाखवा. नुसत्या तक्रारीपेक्षा तुमची मोजमापे त्याला दोष लवकर दाखवतील.