छंदीफंदी उमराव आणि लग्नाचा करारनामा

कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारी बाई रात्री इंग्रजी प्रेमकादंबऱ्या वाचते, त्याही जुगारी, बदनाम, छंदीफंदी उमरावांच्या, याचं माझ्या सहकाऱ्यांना नवल वाटतं. मला मात्र त्या कादंबऱ्यांमध्ये कायदा दिसतो.

यांतल्या बहुतेक गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये घडतात. तेव्हा लग्न लागताच बाईचा रोख पैसा आणि कमाई नवऱ्याची होई. आपली मालमत्ता आपल्याच ताब्यात ठेवण्याचा हक्क विवाहितेला पुरता मिळाला तो १८८२च्या कायद्यानं. १८५७पूर्वी पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा असेल तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. बायकांपैकी तो मिळाला फक्त चौघींना. श्रीमंत घरच्या मुलीला आधार एकच, लग्नाआधीचा करारनामा. हातखर्च किती, नवरा वारला तर वर्षाकाठी किती मिळणार, हे त्यात लिहिलेलं असे. आणि विश्वस्तांकडे ठेवलेल्या तिच्या पैशाला नवऱ्याचा हात लागत नसे. रखमाबाईंनी नांदायला यावं म्हणून त्यांच्या नवऱ्यानं १८८४मध्ये मुंबईच्या हायकोर्टात लावलेला दावाही इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेल्या कायद्यावरच उभा होता. त्यामुळे हे सगळं मला परकं वाटत नाही. बदलौकिकाच्या माणसाला 'हो' म्हणणारी नायिका काय पणाला लावते, हे कळलं की या कादंबऱ्या वेगळ्याच वाचल्या जातात.

विसाव्या शतकात हा नायक रुजवला जॉर्जेट हेयरनं. आजारी भावाचं मन रमवायला तिनं सांगितलेल्या गोष्टीतून 'द ब्लॅक मॉथ' (१९२१) तयार झाली. त्यातल्या खलनायक ड्यूकच्याच घडणीचा माणूस, नाव बदलून, 'दीज ओल्ड शेड्स'मध्ये (१९२६) नायक झाला. त्याच्या मुलाची गोष्ट 'डेव्हिल्स कब' (१९३२). तो नायिकेला, मेरीला, पळवून नेतो, अंगचटीला येऊ लागतो, आणि ती सरळ पिस्तूल झाडते. मला मेरी फार आवडते.

कॅथलीन वुडिविसच्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'मध्ये (१९७२) मात्र नायक नायिकेवर बलात्कार करतो आणि पुढे तिचा प्रेमळ नवरा होतो. पुस्तक अफाट खपलं, त्या वळणाची आणखी कितीतरी आली. अशा अत्याचारातून गेलेल्या बायका माझ्यासमोर बसून बोलल्या आहेत. त्या नायकाचं प्रेम मी मान्य करणार नाही.

लोरेटा चेसची 'लॉर्ड ऑफ स्काउंड्रल्स' (१९९५) मी पुन्हा पुन्हा वाचते. लहानपणी आई सोडून गेलेला, बापानं झिडकारलेला मार्क्विस डेन पॅरिसमध्ये मनमानी करत जगतो. त्याच्यामुळे जेसिका ट्रेंटची भर समाजात अब्रू जाते. ती त्याच्यावर गोळी झाडते, मग वकील गाठते आणि भरपाई मागते. त्यावर डेन लग्नाचा प्रस्ताव ठेवतो. वाटाघाटीत ती एक पाऊल मागे घेत नाही, तरी तो तिला मनापासून आवडलेला असतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि चेस त्यांतली एकही पातळ करत नाही. डेनच्या अनौरस मुलाला घरी आणायचं, यावर लग्नानंतर जेसिका अडून बसते. जो बाप स्वतः टाकलेलं पोर होता, त्याला आपल्या पोराकडे पाहणंही जड जातं. डेन बदलतो तो इथे, आणि लेखिका त्याला त्यासाठी पुरेसा वेळ देते.

या वाटेला नव्यानं येणाऱ्यांनी सुरुवात जेसिकापासून करावी, मग मेरीकडे वळावं. वुडिविस त्यानंतर, आणि वाचायचीच असेल तर.