सावरणं

मराठीत ‘सावरणं’ हे क्रियापद दोन्ही अंगांनी चालतं. ‘ती सावरली’ असं आपण म्हणतो आणि ‘तिनं त्याला सावरलं’ असंही म्हणतो. पदर सावरतात, तोल सावरतात, पडणारं पोर सावरतात, विस्कटलेला संसार सावरतात. मानसशास्त्राची पुस्तकं ‘रेझिलियन्स’साठी ‘मानसिक लवचिकता’ हा शब्द वापरतात. तो ऐकला की मला वेताची छडी दिसते. वाकवली, सोडली, पुन्हा सरळ. मोठ्या दुःखातून गेलेलं माणूस असं पहिल्यासारखं सरळ होत नाही. जे काही होतं तेही सहसा कुणाच्या तरी हाताला धरून होतं. म्हणून मी इथं ‘सावरणं’च म्हणणार आहे.

हा शब्द मला नेहमी किल्लारीकडे घेऊन जातो.

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत विसर्जनाच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या. माणसं घरी येऊन झोपली आणि पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचा थर चढवलेलं माळवद, अशी तिथली घरं होती. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. आठ ते दहा हजार माणसं गेली. काही घरांतून एकटंच कुणी बाहेर आलं.

पुढं जे पुनर्वसन झालं ते देशात तोवर न झालेल्या आकाराचं होतं. ५२ गावं नव्या जागी उभी राहिली. लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत लाखो घरांची दुरुस्ती झाली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. हे सगळं मोठं काम होतं आणि त्याचं मोल कमी करायचं माझ्या मनात नाही. पण एक गोष्ट त्या नव्या गावांच्या नकाशात राहून गेली, आणि सावरण्याबद्दल बोलायचं तर तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

नव्या गावांत घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीनाला आणि लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४५०, मोठ्याला ७५०. रस्ते सरळ आणि रुंद आखले. अरुंद बोळात दोन्हीकडच्या भिंती अंगावर आल्या होत्या, त्यामुळे रुंद रस्ते लोकांनाही हवे होते, ती भीती खरी होती. पण या आखणीत जुनी आळी मोडली. भावकी एका टोकाला, शेजारीण दुसऱ्या टोकाला. पूर्वी ओट्यावर बसलं की समोरच्या चार घरांचं बरं-वाईट कळायचं. आता मध्ये मोठा रस्ता आणि त्यावर ऊन. ज्या बाईचं कुणी उरलं नव्हतं, तिला नवं पक्कं घर मिळालं आणि दाराबाहेर ओळखीचा आवाज मिळाला नाही. घराची भिंत किती जाड हवी याचं गणित अभियंत्याला येतं. दु:खात बुडालेल्या माणसाचं दार सकाळी कोण वाजवणार, हे गणित त्या आराखड्यात कुठंच नव्हतं. ते असायला हवं होतं.

मग ते दार वाजवलं कुणी? बऱ्याच गावांत बायकांनी. जिथं घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथं शासनानं लोकांचा सहभाग मिळवण्याचं काम ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे दिलं. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली होती. संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या. हजाराहून अधिक गावांत या बायका घरोघर फिरल्या. भिंतीत आरपार जाणारा दगड का घालायचा, छताखाली काँक्रीटचा पट्टा कशाला, माळवदावरची माती किती कमी करायची, अनुदानाचा हप्ता कधी येतो, हे त्या समजावून सांगत. ज्या बायकांनी तोवर गवंड्याशी कधी दोन शब्दही बोलले नसतील, त्या सिमेंटचं प्रमाण तपासू लागल्या.

वरवर पाहता हे बांधकामाचं काम. पण विचार करा, भूकंपानं माणसाचं काय नेलं होतं? माणसं नेली, घर नेलं, आणि ‘माझ्या हातात काही आहे’ हा विश्वासही नेला. आपण ज्याला मनाचं बळ म्हणतो ते बहुतेक या विश्वासाचंच बनलेलं असतं. तो उपदेशानं परत येत नाही. हातानं काही केलं, ते जमलं, दुसऱ्याच्या उपयोगी पडलं, की थोडा थोडा परत येतो. ‘धीर धर’ असं सांगून जे होत नाही ते ‘हा दगड इथं बसव’ असं सांगून झालेलं मला जास्त वेळा दिसतं.

आणि मग २६ जानेवारी २००१ला कच्छ हादरलं. लातूरकडच्या यातल्या काही बायका तिकडं गेल्या. त्यांना ना कच्छी येत होती ना धड गुजराती. तंबूत बसलेल्या बायकांना सांगायला त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती: आमचंही असंच झालं होतं, आणि आम्ही हे असं केलं. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही अशाच भेटी झाल्या. सावरलेली माणसं सावरायला गेली. क्रियापदाच्या दोन्ही अंगांचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

हे आपल्याकडंच घडतं असंही नाही. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधक बायकांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातलं दारूचं व्यसन, आईबापांचा आजार अशा ओझ्याखाली वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं समर्थ, मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या स्वभावाचा वाटा होताच. पण बहुतेकांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं. आजी, मावशी, शिक्षिका, शेजारी, कुणीही. एकच पुरलं होतं.

आजीवरून हरारेची गोष्ट सांगायलाच हवी. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले एक डिक्सन चिबांडा. त्यांची एक तरुण रुग्ण बसभाड्याला पैसे नसल्यानं दवाखान्यात येऊ शकली नाही आणि तिनं जीव दिला. चिबांडांच्या मनाला ते लागलं. २००६मध्ये म्बारे या हरारेतल्या गरीब वस्तीत मानसोपचार सुरू करायला त्यांना डॉक्टर मिळाले नाहीत, नर्स मिळाल्या नाहीत, खोलीही मिळाली नाही. मिळाल्या त्या वस्तीत आधीपासून आरोग्याचं काम करणाऱ्या १४ आज्या आणि दवाखान्याबाहेर ठेवायला एक लाकडी बाक. डॉक्टरांनी त्याला मानसिक आरोग्याचा बाक म्हटलं, तर कुणी त्यावर बसेना. आज्यांनी सांगितलं, नाव बदला. तो मैत्रीचा बाक झाला आणि माणसं येऊ लागली.

त्या आज्या ‘डिप्रेशन’ म्हणत नाहीत. शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे, अर्थ ‘फार विचार करणं’. आपल्याकडं ‘विचारांनी पोखरलंय तिला’ म्हणतात, अगदी तेच. आजी आधी ऐकते, मग अनेक अडचणींतली एक निवडायला लावते, आणि त्या एकीवर पुढच्या भेटीपर्यंत काय करता येईल ते दोघी मिळून ठरवतात. सहा भेटी झाल्या की त्या माणसाला अशाच इतरांच्या गटात पाठवतात. तिथं बायका जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणतात आणि विणता विणता बोलतात. २०१६मध्ये या कामाची शास्त्रीय चाचणी अमेरिकेच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सहा महिन्यांनी, बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं उरली होती. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ती जवळजवळ निम्म्या लोकांत होती.

हात कामात आणि तोंड मोकळं, ही रीत आपल्याला नवी नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्याला बसायच्या. खुंट्याला दोघींचे हात, घरघर एका लयीत, आणि त्या लयीवर ओवी. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू, सगळं त्या दगडाला सांगून व्हायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या कष्टाचे गोडवे गाणं मला मान्य नाही. पिठाची गिरणी आली हे फार चांगलं झालं. पण जात्याबरोबर ते रोजचं बोलणंही घरातून गेलं आणि त्याच्या जागी आपण काही ठेवलं नाही.

आता सजगतेबद्दल, म्हणजे ‘माइंडफुलनेस’बद्दल. ती इतकी उशिरा का आणली, असं कुणी विचारेल. कारण हल्ली सगळी सुरुवात तिच्यापासून होते आणि शेवटही तिथंच होतो, जणू डोळे मिटून श्वास पाहिला की काम संपलं. जॉन कबात-झिन यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, तो दीर्घ दुखण्यांनी हैराण झालेल्या रुग्णांसाठी. त्याच्या दहा वर्षं आधी सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन मुंबईत आले होते, आणि १९७६पासून इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. दोन्हीकडं गाभा एकच: मनात जे येतं ते ढकलू नका, त्याच्या मागेही धावू नका, येतंय-जातंय ते पाहा. श्वास सावकाश सोडला की हृदयाची गती उतरते, हा शरीराचा साधा नियम आहे. हा सराव महिनोन् महिने केलेल्या माणसाला राग आणि त्यावरची कृती यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा सापडते.

त्या जागेचा उपयोग कशाला करायचा, हा खरा प्रश्न. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात नऊ दिवस मौन असतं. दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि मंगल मैत्री शिकवतात, म्हणजे आपल्या मनातली शांतता इतरांना वाटायची साधना. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. ज्याचं स्वतःचं मन जागेवर नाही, त्याला दुसऱ्याचं दु:ख दोन मिनिटंही ऐकवत नाही. तो लगेच सल्ला देतो, स्वतःची कहाणी सुरू करतो, नाहीतर विषय बदलतो. श्वासाचा सराव आपल्याला निदान गप्प बसून ऐकण्याइतकं स्थिर करतो.

इथं एक सावधगिरी. घाव ताजा असेल तर डोळे मिटून आत पाहायला सांगू नये. आत तेच दृश्य पुन्हा उभं राहतं. अशा वेळी डोळे उघडे, पाय जमिनीवर, हातात पाण्याचा पेला, कानावर येणाऱ्या आवाजांकडं लक्ष, एवढंच पुरे. आणि ‘बोल, रडून घे, मन मोकळं कर’ असा आग्रहही नको. दुर्घटना घडल्या घडल्या माणसाला सगळं पुन्हा सांगायला लावणं हितकारक नाही, असं आता तज्ज्ञ मानतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली, तिचं सार तीन शब्दांत येतं: पाहा, ऐका, जोडून द्या. गरज काय आहे ते पाहा. बोलेल तेवढं ऐका. आणि त्याला त्याच्या माणसांशी, मदतीशी जोडून द्या. पुष्कळदा गरज कोरड्या चादरीची असते, हरवलेल्या भावाच्या बातमीची असते, किंवा बँकेच्या कागदावर कुणीतरी बरोबर येऊन सही करून घेण्याची.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. खरा एकटेपणा चौदाव्या दिवसापासून सुरू होतो. जायचं असेल तर तेव्हा जा. महिन्यानं जा, वर्षश्राद्ध झाल्यावर जा. काही सुचत नसेल तर भाजी निवडायला बसा. गेलेल्याचं नाव घ्यायला घाबरू नका; घरच्यांना ते नाव ऐकायचं असतं.

आणि प्रेमाची माणसं भोवती असूनही काहींचं दु:ख आजाराचं रूप घेतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच रस नाही, जगण्यात अर्थ नाही असं तोंडून येतंय, तर ते मनाचं दुबळेपण समजू नका. तिथं डॉक्टर लागतो, कधी औषधं लागतात. आपलं काम एवढंच की त्या माणसाला एकट्याला पाठवायचं नाही, बरोबर जायचं. रात्री-अपरात्री कुणी सापडत नसेल तर केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.