वनजिल्ह्यांतील शाळा आणि भाषाशिक्षणाचा उच्च अभ्यास

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन जिल्ह्यांच्या वनप्रदेशात बोलल्या जाणाऱ्या भाषा मोजू गेल्यास संख्या सहज सहा-सातांच्या घरात जाते. मराठी व तिचे झाडीबोली हे रूप, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, अन्यत्र गोंडी, जिवतीच्या डोंगरात कोलामी, सिरोंच्याकडे तेलुगू, पूर्व सीमेलगत छत्तीसगढी आणि चामोर्शी-मुलचेरा भागातील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. पाठ्यपुस्तक मात्र बहुतांश ठिकाणी प्रमाण मराठीतच असते.

गोंडी ही मराठीची बोली होय, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो निराधार आहे. गोंडी, माडिया व कोलामी या द्राविडी कुलातील भाषा आहेत. गोंडीतील उंदी, रंड, मूंद, नालुंग हे अंक तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशेजारी ठेवले म्हणजे नाते कोणाशी आहे ते उघड होते. अर्थात ‘पाणी’ या शब्दासाठी घरी ‘एर’ म्हणणारे मूल पहिलीत येते, तेव्हा त्याला वाचनाबरोबरच एक नवी भाषा शिकावी लागते. मराठी घरातील मुलावर हा दुहेरी भार नसतो.

या भाराचे स्वरूप शिक्षकाला ठाऊक नसेल तर काय घडते? गोंडीत लिंगाची विभागणी मराठीसारखी तिहेरी नाही. पुरुषवाचक नामे एका बाजूला, तर स्त्रिया, प्राणी व वस्तू दुसऱ्या बाजूला, अशी ती एकवचनात आहे. ‘ती’ आणि ‘ते’ या दोहोंसाठी ‘अद’ हे एकच सर्वनाम चालते. असे मूल मराठी बोलताना स्त्रीलिंग व नपुंसकलिंग यांची सरमिसळ करील, तर त्यात नवल नाही. ती चूक नियमबद्ध आहे. मूल आपल्या भाषेचे व्याकरण अचूक पाळीत असते आणि तपासनिसाच्या वहीत मात्र ‘मंदगती’ असा शेरा पडतो! पुढे गळतीची जी कारणे दिली जातात, त्यांत हा शेरा सहसा सापडत नाही.

उलट, दोन्ही भाषा जाणणाऱ्यास पूलही दिसतात. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा मराठीतील भेद द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

हे सारे अल्पकालीन प्रशिक्षण वर्गात उरकण्यासारखे नाही. भाषाशिक्षण व आंतरसांस्कृतिक संवाद हा विषय देशोदेशींच्या विद्यापीठांत पदव्युत्तर पातळीवर शिकविला जातो. परंतु तेथील भर बहुधा परकीयांना इंग्रजी शिकविण्यावर असतो. वनजिल्ह्यांत त्याचा अर्थ निराळा होतो. दोन भाषांच्या व्याकरणाची तुलना, दुसरी भाषा शिकविण्याच्या पद्धती, मुलांच्या वह्यांतील चुकांचे वर्गीकरण आणि गावात राहून केलेला अभ्यास ही त्याची अंगे होत. गोटुलाचे स्थान, सगाव्यवस्थेतील देवसंख्येनुसार ठरणारे संबंध, सणांचे दिवस हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे धडे मुलाच्या जगाबाहेरच राहतात. चंद्रपूर व गडचिरोली या दोनच जिल्ह्यांसाठी २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ हे अशा अभ्यासाचे स्वाभाविक स्थान ठरते.

पूर्वानुभव नाही असे नाही. चंद्रपूरलगतच्या आदिलाबाद जिल्ह्यात, निजामाच्या राजवटीत, मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. प्रारंभीची गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार करण्यात आली, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू करताना डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनाही आधी माडिया शिकावी लागली; रोग्याची तक्रार कळल्याखेरीज औषध देता येत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ साली स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या मान्यतेचा प्रश्न पुढे उभा राहिला, तरी मागणी गावातून आली हे महत्त्वाचे.

कायद्याचा आधार आहेच. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयींविषयी सांगतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ‘व्यवहार्य असेल तेथवर’ मातृभाषेचे माध्यम सुचवितो, तर २०२० चे राष्ट्रीय धोरण शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत. व्यवहार्यतेची ही अट शेवटी शिक्षकापाशी येऊन थांबते. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती; तरीही आठव्या अनुसूचीत ती नाही. संख्येने तिच्या निम्म्याच्या आसपास असलेली बोडो २००३ मध्ये तेथे आली.

प्रशासनाच्या हातची गोष्ट याहून साधी आहे. माडिया शिकलेल्या शिक्षकाची बदली बंगाली वसाहतीत झाली, तर त्याचा अभ्यास वाया जातो व भामरागडचा वर्ग पुन्हा पहिल्या धड्यावर येतो. सेवापुस्तकात शिक्षकाला अवगत असलेल्या स्थानिक भाषेची नोंद घेऊन पदस्थापनेच्या वेळी ती पाहिली जावी. पंचायत समितीच्या सभेत हा विषय मांडण्यास कोणत्याही नव्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही.