लांकडावरील कोरीव अक्षरें व धुराचे डाग

लेसर किरणानें लांकडावर अक्षरें कोरलीं कीं त्यांच्या भोंवतीं पुष्कळदां तपकिरी छाया उमटते. ती जळल्याची खूण नव्हे. तापलेल्या लांकडांतून डांबरासारखा चिकट अंश घेऊन धूर निघतो व शेजारच्या थंड पृष्ठभागावर बसतो. प्लायवुडमधील सरस त्यांत भरच घालतो.

निवृत्त होणाऱ्या गुरुजींकरितां आम्हीं एक फलक कोरला. फळी एकच होती. घाईनें ओलें फडकें फिरविलें, तों डाग पसरून लांकडाच्या रेषांत मुरला! अखेर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानें पुसून, तें सुकल्यावर २२० नंबरच्या कांचकागदानें रेषांच्या दिशेनें हलकेंच घांसलें, तेव्हां फलक कसाबसा वांचला. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. हें काम यंत्रापासून दूरच करावें.

डाग पडूंच न देणें अधिक बरें. फळीवर कागदी चिकटपट्टी घट्ट बसवावी; किरण तिच्यांतून कोरतो, धूर मात्र तिच्यावरच राहतो. बारीक अक्षरांतील कागदाचे कपटे उचलतांना आमची सहनशीलता संपत आली, हें कबूल केलें पाहिजे. पीव्हीसीची पट्टी मात्र कदापि वापरूं नये. तिच्यांतून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायु निघतो. हवेचा झोत व धूर ओढणारा पंखा चालू ठेवावा. फळी आरपार कापावयाची असल्यास खालच्या बाजूसही पट्टी लावावी, कारण यंत्राच्या जाळीवरून परतणारा किरण फळीची पाठ डागाळतो.